पोलीस ठाणे गुप्त ठिकाण नव्हे

चौकात पोलीस आणि दुचाकीस्वार यांच्यात वाद सुरू झाला की बघ्यांपैकी कोणीतरी मोबाइल उंच धरतो. लगेच दरडावणी येते, “शूटिंग बंद कर, नाहीतर गुन्हा दाखल करीन.” कोणता गुन्हा, हे विचारण्याची हिंमत त्या क्षणी फारच थोड्यांना होते.

वर्ध्यात २०१८ साली असा गुन्हा खरोखरच दाखल झाला. शेजाऱ्याशी झालेल्या भांडणासंबंधी एक गृहस्थ पत्नीसह पोलीस ठाण्यात गेले होते. तिथले बोलणे ते मोबाइलवर टिपत आहेत असे पोलिसांच्या लक्षात आले आणि त्यांना चक्क १९२३ चा शासकीय गुपिते कायदा, म्हणजे ‘ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट’ लावण्यात आला. इंग्रजांनी हेरांसाठी केलेला हा कायदा! त्यातल्या हेरगिरीच्या कलमाखाली एरवी ३ वर्षांपर्यंत, तर लष्करी बाबतीत १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये हा गुन्हा रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते. या कायद्यात ‘निषिद्ध ठिकाण’ कशाला म्हणायचे याची यादी आहे. तटबंदी, शस्त्रागार, नौदलाची गोदी, लष्करी छावणी अशी ठिकाणे तीत येतात. पोलीस ठाणे येत नाही. यादी परिपूर्ण असल्याने तीत आपल्या सोयीने भर घालता येत नाही.

मग दुसरी धमकी असते ती ‘सरकारी कामात अडथळा’ आणल्याची. पूर्वीचे कलम ३५३ आता भारतीय न्याय संहितेत १३२ झाले आहे. त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. साध्या अडथळ्यासाठी कलम २२१ आहे, आणि तिथे मात्र जपावे. चार पावले लांब उभे राहून टिपणे वेगळे आणि हवालदाराच्या तोंडासमोर मोबाइल नाचवणे वेगळे. बलात्कारपीडितेची किंवा अल्पवयीन मुलाची ओळख उघड होईल असे चित्रण प्रसिद्ध करणे हा तर स्वतंत्र गुन्हाच आहे.

गंमत म्हणजे १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचे चित्रीकरण करणे खुद्द पोलिसांवरच बंधनकारक झाले आहे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०५ तसे सांगते.

खरी गफलत पुढे होते. चित्रण सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर फिरते आणि मूळ फाइल पुसली जाते. कोर्टात अशा पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ द्यावी लागते. हा त्या फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समजा. व्हॉट्सॲपवरून साधा व्हिडिओ पाठवला की तो आकसतो आणि ठसा बदलतो. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा खटला आठवतो का? अर्ज भरतानाच्या व्हिडिओवरून निघालेला तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. मात्र मूळ उपकरण त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले तर त्याची गरज नाही, असेही सांगितले. तेव्हा मूळ चित्रण मोबाइलमध्ये तसेच राहू द्यावे. पोलिसांनी मोबाइल जप्त केलाच तर पंचनाम्याची प्रत मागावी. जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्यांना कळवणे पोलिसांचे काम आहे.

आणि ठाण्यात मोबाइल काढताच आला नाही तर? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह टिपणारे सीसीटीव्ही बसवण्याचा आणि चित्रण १८ महिने, तसे यंत्र न मिळाल्यास निदान वर्षभर, जपण्याचा आदेश दिला. कॅमेरे बंद असल्याच्या बातम्यांची २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, ही गोष्ट निराळी. तरीही तारीख, वेळ आणि खोली लिहून, ते चित्रण राखून ठेवावे असा लेखी अर्ज घटना घडल्यावर दोन-चार दिवसांतच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.