'म'चा 'ब' का होतो?

बेळगावच्या एका मराठी शाळेत मी भाषा शिकवत असे. पावसाळा सरताना मैदानाच्या कडेचे गाजरगवत पांढरे फुलून येई, आणि सातवीतला एक मुलगा तोंडाने श्वास घेऊ लागे. वाचताना त्याचा 'म' 'ब'सारखा आणि 'न' 'द'सारखा ऐकू येई. "जा, नाक शिंकरून ये," असे मी दर वेळी बजावी. तो जाई आणि तसाच परत येई. एकदा म्हणाला, "सर, आत काहीच नाही." मला तो उद्धटपणा वाटला. उच्चारासाठी मी त्याचे गुणही कापले. पुढे डॉक्टरांनी परागकणांची अ‍ॅलर्जी असल्याचे सांगितले, तेव्हा त्याचे म्हणणे खरे होते हे मला कळले.

नाक चोंदले म्हटले की आत शेंबूड अडकला असेल, असे आपण समजतो. अ‍ॅलर्जीत मात्र मुख्यतः नाकाचे अस्तरच सुजते. नाकपोकळीच्या बाहेरील भिंतीवर दोन्ही बाजूंना तीन-तीन उंचवटे असतात. त्यांतल्या सर्वांत खालच्या उंचवट्याच्या अस्तरात रुंद शिरांचे दाट जाळे असते. त्या रक्ताने भरल्या की उंचवटा फुगतो आणि हवेची वाट अरुंद होते.

परागातील निरुपद्रवी प्रथिनाला शरीर शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे तयार करते. ती अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तेच पराग पुन्हा आले की काही मिनिटांतच या पेशी हिस्टामिन सोडतात. त्याने चेता चाळवून शिंका येतात, ग्रंथी पाझरतात. ल्युकोट्राइनसारखी इतर द्रव्येही सुटतात. शिरा फुगतात, रक्तातला द्रव अस्तरात झिरपतो. काही तासांनी इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे जमतात आणि सूज टिकून राहते. म्हणून शिंका सकाळीच थांबल्या, तरी नाक रात्रीही बंद असू शकते.

हिस्टामिनविरोधी गोळीने शिंका आवरतात. नाक तितके मोकळे होतेच असे नाही. शिरा आकसवणारे थेंब लगेच आराम देतात, पण बरेच दिवस वापरले तर सूज उलटते. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेला स्टेरॉइडचा फवारा मूळ सूजच कमी करतो.

'म' आणि 'ब' या दोन्हींसाठी ओठ सारखेच मिटतात. 'म'ला नाकाची वाट लागते. त्या मुलाची तीच वाट बंद होती. वर्ण त्याला ठाऊक होता. चूक गुण कापणाऱ्याची होती.