कुपीतल्या जिवाणूचं बदललेलं आडनाव

पावसाळ्यात मुलांना जुलाब सुरू झाले की रत्नागिरीतल्या मेडिकलच्या दुकानांतून प्लॅस्टिकच्या छोट्या कुप्या घरोघरी जातात. कुपीतल्या दुधट पाण्यात बॅसिलस क्लॉसी या जिवाणूचे जिवंत बीजाणू असतात. आता त्याचं शास्त्रीय नाव आहे शौचेला क्लॉसी. मैत्रिणींनो, नाव वेगळं दिसलं म्हणून औषध बनावट समजू नका. लग्नानंतर आडनाव बदललं म्हणून बाई बदलते थोडीच!

जिवाणूंनाही नाव-आडनाव असतं, फक्त आडनाव आधी लिहितात. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली रूप बघून आणि खाणंपिणं तपासून त्यांचं घराणं ठरायचं. काडीसारखा दिसतो, बीजाणू धरतो, मग घाला बॅसिलसच्या घरात! १९९५मध्ये क्लॉसीही असाच त्या घरात गेला.

पण चेहरा सारखा म्हणून नातं असतंच असं नाही. खरं नातं डीएनएत. चार अक्षरांत लिहिलेला क्लॉसीचा डीएनए सुमारे ४३ लाख अक्षरांचा आहे. दोन जिवाणूंची अक्षरं हाताने ताडून पाहायला जन्म पुरायचा नाही. कॉम्प्युटर ती शेजारी-शेजारी मांडतो, फरक मोजतो आणि वंशवृक्ष काढून देतो. फरक कमी ते जवळचे, जास्त ते लांबचे. घराणी कुठे वेगळी करायची, हे मात्र माणसंच ठरवतात.

अशाच तपासणीतून २०२०मध्ये क्लॉसी बॅसिलसच्या घरातून बाहेर पडून अल्कलीहॅलोबॅसिलसच्या घरात गेला. २०२१मध्ये पुण्याच्या संशोधकांनी लोणार सरोवरातल्या एका नव्या जिवाणूचा अभ्यास करताना हेही घर तपासलं. त्यात दूरदूरची मंडळी एकत्र नांदत होती! त्यांनी सात नवी घराणी मांडली. क्लॉसीच्या घराण्याला पुण्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. योगेश शौचे यांचं नाव दिलं.

एवढी उठाठेव कशाला? बॅसिलसच्या घरात सिरियसही आहे. बाहेर राहिलेल्या शिळ्या भातात वाढून उलट्या करवतो तो हाच. अँथ्रॅक्सचा जिवाणूही त्याच घरातला. बाळाच्या तोंडात जे घालतो, त्याचं खरं गणगोत माहीत असलेलं बरं.

कुपीवर नाव जुनं असो की नवं, ती डॉक्टरांना विचारूनच द्या. जुलाबात पहिला मान ओआरएसचा, अंगावरचं दूधही सुरूच ठेवा. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडलं, तर कुपीच्या भरवशावर न राहता तडक दवाखाना गाठा.