डेटा रॅममध्ये मावेनासा झाला की डेटाबेस अचानक का रखडतो?

सुरळीत चाललेली वेबसाइट गर्दी थोडी वाढताच एकदम रखडते. वापरकर्ते दुप्पटही झालेले नसतात, मग वेग इतका का कोसळतो?

डेटाबेस माहिती डिस्कवर ‘पेज’ नावाच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत ठेवतो. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये पेज सहसा ८ केबीचं, मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये १६ केबीचं असतं. एकदा लागलेलं पेज रॅममध्ये ठेवलं जातं. रॅम भरली की बराच वेळ न लागलेली पेजेस बाहेर काढली जातात.

रॅममधून वाचायला एक मायक्रोसेकंदही लागत नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची मात्र एकच फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते. त्यामुळे विखुरलेली पेजेस ती सेकंदाला साधारण १०० इतकीच वाचू शकते.

आता हिशोब पाहा. सेकंदाला १००० पेजेस लागतात असं समजू. त्यातली ९९ टक्के रॅममध्ये मिळाली, तर डिस्ककडे १० जातात. हे प्रमाण ९० टक्क्यांवर आलं, की डिस्ककडे १०० जातात. रॅमचा वाटा नऊच टक्क्यांनी घटला, पण डिस्कचं काम दहापट झालं. ८५ टक्क्यांवर १५० मागण्या येतात, डिस्क १०० पुऱ्या करते आणि दर सेकंदाला ५० रांगेत साचतात. एसएसडीची मर्यादा खूप वरची असते, पण तिथेही नियम हाच.

जास्त वापरकर्ते म्हणजे वेगवेगळ्या पेजेसची मागणी. एकाने आणलेलं पेज दुसऱ्याच्या पेजसाठी बाहेर जातं आणि पहिल्याला ते पुन्हा डिस्कवरून आणावं लागतं.

म्हणूनच सगळा डेटा रॅममध्ये मावलाच पाहिजे असं नाही. वारंवार लागणारा भाग मावला तरी पुरतं. दहा वर्षांच्या नोंदींपैकी रोज गेल्या महिन्याच्याच लागत असतील, तर तेवढ्यांसाठी जागा हवी.

उपायही याच क्रमाने करावेत. आधी योग्य इंडेक्स बनवा, म्हणजे एका नोंदीसाठी अख्खं टेबल वाचावं लागणार नाही. मग एकाच वेळी चालणाऱ्या क्वेरींची संख्या कनेक्शन पूल वापरून मर्यादित ठेवा. उरलेल्यांनी बाहेर क्षणभर थांबणं सगळ्यांनी आत अडकण्यापेक्षा बरं. एवढं करूनही डिस्कपाशी रांग राहिली, तर रॅम वाढवा.