मिठावरचा आळ

कुत्र्याचे केस गळायला लागले की घरात पहिला संशय मिठावर जातो. नवी मुंबईतल्या तळवली गावठाणातल्या दहा बाय दहाच्या खोलीत असो की शेजारच्या घणसोलीतल्या सोसायटीत, सल्ला एकच मिळतो: याच्या खाण्यात मीठ जातंय, बंद करा. त्या दिवसापासून कुत्र्याचा भात अळणी होतो. तरीही गळती थांबत नाही. मग खोबरेल तेल चोळून होतं, आठवड्याला दोनदा आंघोळ घालून होते, आणि एप्रिल उजाडला की सगळे केसच भादरून टाकायचं ठरतं. हे उपाय वेगवेगळे दिसले तरी त्यांच्यामागची समजूत एकच असते. केस गळतात म्हणजे काहीतरी बिघडलंय, आणि तो बिघाड सापडला की गळणं थांबेल. माझा आक्षेप या समजुतीलाच आहे. निरोगी कुत्र्याचे केस गळतातच. ते किती आणि कधी गळणार हे मुख्यतः त्याची जात, त्याची संप्रेरकं आणि त्याच्या डोळ्यांवर पडणारा उजेड ठरवतो. आपल्या हातात दोन गोष्टी उरतात: सुटणारा केस फरशीवर पडण्याआधी ब्रशमध्ये धरणं, आणि आजाराने होणारी गळती वेळीच ओळखणं. नको त्या उपायांत या दोन्हींचा वेळ जातो, म्हणून हे गैरसमज मला निरुपद्रवी वाटत नाहीत.

प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग त्याची वाढ थांबते. थांबलेला केस मुळाशी नुसता अडकून राहतो आणि पुढे सुटून पडतो. माणसाच्या डोक्यावरचे बहुतेक केस कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डच्या अंगावरचे बहुतेक केस मात्र थांबलेल्या अवस्थेत असतात. म्हणूनच लॅबचा केस ठरावीक लांबीपुढे जात नाही, आणि पूडलचा वाढतच राहतो, त्याला कात्री लावावी लागते. अडकून राहिलेले केस केव्हा सोडायचे, याचा इशारा शरीराला प्रामुख्याने दिवसाच्या लांबीतून मिळतो. डोळ्यांत जाणारा उजेड वाढला किंवा घटला की मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून येणाऱ्या मेलॅटोनिनचं प्रमाण बदलतं, त्यामागोमाग प्रोलॅक्टिनसारखी इतर संप्रेरकं बदलतात आणि केसांची मुळं त्यांना प्रतिसाद देतात. हवेच्या उष्णतेचाही वाटा असतो, पण तो दुय्यम. या साखळीत मीठ कुठेच येत नाही.

आता हे गणित तळवलीला लावून पाहू. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरचे, मासेमारांबरोबर थंडगार पाण्यात उतरणारे कुत्रे. त्या बेटावरच्या सेंट जॉन्स शहरात जूनमधला सर्वांत मोठा दिवस जवळजवळ १६ तासांचा असतो आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस साडेआठ तासांचा. तळवली १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि लहान दिवस अकरा तासांचा, म्हणजे वर्षभरात फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. त्यात घरातले दिवे रात्री बारापर्यंत चालू. ज्याच्या शरीराला हंगाम ओळखण्यासाठी उजेडाची मोठी चढउतार लागते, त्याला ती इथे मिळत नाही. त्यामुळे थंड देशांत वर्षातून दोनदा जोरात होणारी गळती आपल्याकडे बारा महिन्यांवर पसरते, मधूनमधून थोडी वाढते, थोडी कमी होते. माद्यांमध्ये माजानंतर आणि व्यायल्यावर काही आठवड्यांनी ती ठळकपणे वाढते. ‘वर्षभर गळतात, म्हणजे आजारच असणार’ हा तर्क म्हणूनच टिकत नाही. त्वचा स्वच्छ असेल आणि कुठे टक्कल पडलेलं नसेल, तर वर्षभराची गळती हे घरात राहणाऱ्या कुत्र्याचं नेहमीचं चित्र आहे.

मिठाकडे परत यायला हवं, कारण हा समज सर्वांत घट्ट रुजलेला आहे. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, आणि दोन्ही कुत्र्याच्या शरीराला लागतात. पशुखाद्याची मानकं ठरवणारी अमेरिकेतली आफको ही संघटना प्रौढ कुत्र्यांच्या खाद्यात, पाण्याचा अंश वगळून मोजल्यास, किमान ०.०८ टक्के सोडियम असावं असं सांगते. वाढत्या पिल्लांसाठी हा आकडा ०.३ टक्के आहे. घरचं मीठ नको म्हणून विकतचं खाद्य आणलं, तर त्याच्या पिशवीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली घटकांची यादी वाचावी. तिथे बहुधा मीठ दिसतंच. मिठाने केस गळत असते तर हे खाद्य खाणाऱ्या एकाही कुत्र्याच्या अंगावर केस राहिले नसते.

यावर हमखास येणारं उत्तर असं: पण आमच्या कुत्र्याचं मीठ बंद केलं आणि फरक पडला. फरक पडला असेल, त्यात खोटं काही नाही. कारण मात्र दुसरं असू शकतं. लोक उपाय करतात तो गळती शिगेला पोचल्यावर, आणि शिगेला पोचलेली गळती काही आठवड्यांनी आपोआप ओसरते. दुसरं म्हणजे मीठ बंद करताना बहुतेक घरांत सगळं खाणंच बदलतं. आमटी-भाताचं, खारवलेल्या सुक्या मासळीच्या कालवणाचं उष्टं बंद होतं आणि त्याच्या जागी उकडलेलं चिकन, अंडी किंवा तयार खाद्य येतं. केस जवळजवळ पूर्णपणे प्रथिनांचा बनलेला असतो आणि कुत्र्याला मिळणाऱ्या प्रथिनांतला मोठा वाटा कातडी आणि केसांवरच खर्च होतो. नुसत्या दूध-पोळीवर किंवा वरण-भातावर ठेवलेल्या कुत्र्याला पुरेशी प्रथिनं, आवश्यक मेदाम्लं आणि जस्त मिळत नाही, तेव्हा त्याचे केस निस्तेज होतात आणि जास्त गळतात. आहार सुधारला की ही जादाची गळती थांबते आणि श्रेय जातं मिठाला. याचा अर्थ कुत्र्याला खारट खायला घालावं असा नाही. मीठ फार झालं तर विषबाधा होते, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात ते जपूनच द्यावं लागतं, आणि आपल्या ताटातल्या उष्ट्यात कांदा-लसूण असतो, जो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. उष्टं बंद करावं ते कांद्यासाठी.

कमी केसांचा कुत्रा घेतला की सुटका होते, हाही असाच फसवा हिशेब. केसांची लांबी आणि गळती यांचं नातं सरळ नाही. पग दिसायला तुळतुळीत, पण तो भरपूर केस गाळतो, आणि त्याचे आखूड, ताठ केस सोफ्याच्या विणीत सुईसारखे रुततात. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ८० जातींच्या हजाराहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केस लांब की आखूड, कुरळा की सरळ, तोंडाभोवती मिशा-दाढी आहे की नाही, यांतला बहुतेक फरक अवघ्या तीन जनुकांतून येतो, असं त्यातून दिसलं. हे कुत्र्याच्या जन्माआधीच ठरलेलं असतं. न गळणारी जात ॲलर्जी असलेल्यांना चालते, असंही विक्रेते सांगतात. ॲलर्जी होते ती केसामुळे नव्हे. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असलेल्या प्रथिनांमुळे ती होते, आणि ती प्रथिनं प्रत्येक कुत्र्यात असतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ साली मोजून पाहिलं, तेव्हा ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या केसांवर यांपैकी एक प्रथिन उलट जास्त सापडलं. घरात दमेकरी असेल तर जात निवडण्याआधी डॉक्टरांकडून ॲलर्जीची तपासणी करून घ्यावी.

भादरण्याचा उपाय मात्र मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो कुत्र्याच्या भल्यासाठी म्हणून केला जातो. हस्की, गोल्डन रिट्रीव्हर, लॅब, पॉमेरेनियन यांच्या अंगावर दोन थर असतात: वर राठ, पाणी झटकणारे केस आणि खाली मऊ लव. माणसासारखा सर्वांगाला घाम येऊन कुत्रा गार होत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात आणि तो स्वतःला थंड करतो ते धापा टाकून. केस काढल्याने त्याला वाटतो तितका गारवा मिळत नाही. उलट कातडी थेट उन्हाला उघडी पडते. शिवाय वाढ थांबलेल्या अवस्थेतला केस कापला की तो लगेच परत येत नाही. काही कुत्र्यांच्या पाठीवर वर्षभर चट्टे राहतात. गळतीही थांबत नाही, फक्त लांब केसांऐवजी आखूड तुकडे पडू लागतात आणि ते झाडूला दाद देत नाहीत. शिह त्झू किंवा पूडलचे केस कापायला हरकत नाही. गाठी कातडीला ओढत असतील किंवा जखमेत किडे पडले असतील, तर डॉक्टरही तेवढा भाग भादरतात. पण लॅबचा किंवा हस्कीचा उन्हाळा पंखा, पाणी आणि सावली यांनीच सुसह्य करावा.

खोबरेल तेल बाहेरून चोळल्याने गळती थांबत नाही. तेलाला धूळ चिकटते आणि कुत्रा ते चाटतो, एवढंच. वारंवार आंघोळ घातली की कातडीचा नैसर्गिक तेलकटपणा जातो. आपला शाम्पू तर कुत्र्यांसाठी बनलेलाच नसतो, कारण माणसाची त्वचा आम्लधर्मी आणि कुत्र्याची त्याहून बरीच कमी आम्लधर्मी असते. तीन-चार आठवड्यांतून एकदा कुत्र्याच्या शाम्पूने घातलेली आंघोळ निरोगी कुत्र्याला पुरते. खाडीकाठच्या या पट्ट्यात पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर राहतो. आंघोळ किंवा पावसातला फेरफटका झाल्यावर वरचे केस कोरडे लागतात, पण बोटं आत घातली की लव ओली असते. तिथेच यीस्टची बुरशी वाढते आणि आंबूस वास येतो. कोरड्या टॉवेलने मुळापर्यंत पुसून पंख्याखाली पूर्ण वाळवणं हे त्या दिवसांत आंघोळीपेक्षा महत्त्वाचं.

खरा उपाय साधा आणि रोजचा आहे. दाट लव असलेल्या कुत्र्याला लवेचा दातेरी ब्रश, पगसारख्या आखूड केसांना रबरी हातमोजा, आणि केसांच्या दिशेने पाच-दहा मिनिटं. ब्रशमध्ये येणारा केस हा उद्या फरशीवर पडणारच होता. पात्याचं डी-शेडिंग टूल जोर लावून रोज फिरवलं तर ते वरचे चांगले केसही कापतं, म्हणून ते आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने वापरावं. वेळ नाही ही तक्रार खरी आहे, पण तो वेळ नंतर झाडण्यात जातोच. पंखा चालू ठेवून झाडू मारला की केस उडून पुन्हा बसतात. पंखा बंद करून आधी रबरी वायपर ओढावा, मग ओला पोछा. सोफ्यावर ओला रबरी हातमोजा फिरवला की केसांची गुंडाळी होऊन येते. चादरी धुण्याआधी कोरड्या झटकाव्यात, कारण भिजलेला केस कापडाला चिकटतो. बाथरूमच्या जाळीत साठलेले केस दर आंघोळीनंतर काढावेत. आणि ब्रश गॅलरीच्या कठड्यावर झटकू नये. खालच्या मजल्यावरच्यांचे कपडे तिथे वाळत असतात, आणि कुत्र्यावरून होणारी भांडणं अशीच सुरू होतात.

आजाराची गळती दिसायला वेगळी असते. केस सगळीकडून सारखे न विरळता चट्ट्याने जातात, कातडी लाल होते, कोंडा किंवा खपल्या धरतात, कुत्रा खाजवत किंवा पंजे चावत राहतो. शेपटीच्या मुळाशी खाज असेल तर पिसवांचा संशय घ्यावा. कानाच्या कडा आणि कोपरं उघडी पडली असतील तर खरजेचा. दोन्ही बाजूंनी सारखं टक्कल, खाज नाही, वजन वाढतंय आणि कुत्रा सुस्तावलाय, असं असेल तर थायरॉइड तपासावं. गोल चट्टा असेल तर तो नायटा असू शकतो आणि तो घरातल्या मुलांनाही होतो. यांपैकी बहुतेकांचं निदान नुसतं बघून पक्कं होत नाही. खरजेसाठी कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते, थायरॉइडसाठी रक्त तपासावं लागतं. अशा तपासण्या जवळचा प्राणिवैद्य करतो, मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलातही होतात. मुलाच्या पोटात कुत्र्याचा केस गेला म्हणून घाबरणारे पालक बरेच असतात. केस विषारी नसतो, तो तसाच बाहेर पडतो. धोका असतो तो अंगाला चिकटलेल्या जंतांच्या अंड्यांचा, आणि त्यासाठी कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचं औषध द्यावं, कच्ची आतडी-कलेजी खायला घालू नये, आणि जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवावेत.