सांठविलेला अग्रक्रम केव्हां वापरावा?

महाडचें चवदार तळें हक्क या शब्दाचा अर्थ फार चांगला शिकवितें. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलांत १९२३ सालीं संमत झाला. १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनें त्यास अनुसरून हें तळें खुलें असल्याचें ठरविलें. तथापि पुढें तीन वर्षें तो हक्क कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधि अनुयायांसह तळ्यावर गेले व तेथील पाणी त्यांनीं प्राशन केलें, तेव्हां त्या ठरावांत जीव आला. नंतर दावे चालले आणि १९३७ सालीं मुंबईच्या हायकोर्टाचा निकालही या हक्काच्या बाजूनेंच लागला. असा हक्क वापरल्यानें झिजत नाहीं. न वापरल्यानें मात्र तो झिजतो.

परंतु सर्वच हक्क या जातीचे नसतात. कांहीं हक्क वर्षानुवर्षें थेंबाथेंबानें सांठतात आणि एकदां वापरले कीं संपतात. पुन्हां पहिल्यापासून सांठवावे लागतात. अशा हक्काचा धनी नेहमीं पेचांत असतो. आज वापरला, तर उद्यां याहून चांगली संधि आली असती अशी हुरहुर. न वापरावा, तर सांठवितां सांठवितां उमेदीचीं वर्षेंच सरून जातील अशी धास्ती. महाड व पोलादपूर तालुक्यांतील डोंगराळ गांवीं शिकविणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांपुढें हा पेच बदल्यांच्या हंगामांत उभा राहतो.

पोलादपूर तालुका म्हणजे सह्याद्रीच्या कुशींत विखुरलेल्या वाड्यांचा मुलूख. महामार्ग कशेडी घाटाकडे निघून जातो. वाड्या मात्र डोंगराच्या सोंडांवरच राहतात. पावसाळ्यांत ओढे वाट अडवितात, दरडी खालीं येतात. जुलै २०२१ मधील अतिवृष्टींत शेजारच्या महाड तालुक्यांतील तळिये येथें दरड कोसळून केवढा अनर्थ झाला, हें सर्वांस ठाऊक आहे. अशा ठिकाणीं शिक्षकानें जावें आणि गेलेला तेथेंच कायमचा अडकूं नये, या दोन्ही गोष्टी साधण्यासाठीं राज्याच्या ग्रामविकास विभागानें २७ फेब्रुवारी २०१७ रोजीं बदल्यांचें नवें धोरण ठरविलें व ७ एप्रिल २०२१ रोजीं तें सुधारलें. त्यांत शाळांचे अवघड क्षेत्र व सर्वसाधारण क्षेत्र असे दोन वर्ग आहेत. अतिवृष्टि, डोंगरी भूप्रदेश, वाहतुकीच्या रस्त्याचा अभाव, दूरध्वनीचा संपर्क नसणें, महामार्गापासूनचें अंतर इत्यादि सात निकषांपैकीं निदान तीन लागू पडले, म्हणजे शाळा अवघड क्षेत्रांत मोडते.

अवघड क्षेत्रांत सलग तीन वर्षें सेवा झाली कीं शिक्षक 'बदली अधिकारप्राप्त' होतो. मग त्याला आपल्या पसंतीच्या शाळांची क्रमवार यादी देतां येते; २०२१ च्या निर्णयाप्रमाणें ही यादी तीस शाळांपर्यंत जाते. रिकामी जागा त्याला मागतां येतेच. शिवाय जो शिक्षक दीर्घ सेवेमुळें स्वतः बदलीस पात्र झाला आहे, त्याची जागाही मागतां येते. शिक्षकमंडळींत याला 'खो देणें' म्हणतात, आणि तें नांव अगदीं समर्पक आहे. मात्र रांगेंत त्याच्या पुढें कांहीं मंडळी उभी असतात. गंभीर आजारी, दिव्यांग, विधवा अशांचा विशेष संवर्ग आधीं. नंतर पति-पत्नींस जवळ आणण्याचा संवर्ग. त्यानंतर अधिकारप्राप्तांची पाळी.

तर तीन वर्षें पुरीं झालीं कीं हा हक्क लगेच वापरावा, कीं राखून ठेवावा? या जातीच्या प्रश्नाचा फार बारकाईनें विचार झाला आहे तो अमेरिकेंत, आणि तोही शिकारीच्या बाबतींत. आपल्याकडे सांबराची शिकार कायद्यानें बंद आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरी राज्यांत सांबराचाच एक थोराड नातलग, एल्क, याची शिकार मोजके परवाने देऊन करूं देतात. परवाने थोडे व मागणारे फार, म्हणून कित्येक राज्यांनीं अग्रक्रमाचे गुण ठरविले आहेत. कोलोराडो राज्यांत पहिल्या पसंतीचें रान न मिळाल्यास अर्जदाराच्या खातीं एक गुण जमा होतो. ज्याचे गुण अधिक, त्याची पाळी आधीं. पहिल्या पसंतीचें रान मिळालें कीं सारे गुण शून्यावर येतात. दुसऱ्या पसंतीचें मिळाल्यास ते खर्च होत नाहींत. तेथील कांहीं नामांकित रानांसाठीं वीसहून अधिक गुण लागतात. आज आरंभ करणारा तरुण दर वर्षीं एक गुण मिळवितो खरा, पण त्याच्या पुढचे लोकही तेवढाच मिळवीत असतात. त्यामुळें तो जों जों पुढें जातो, तों तों रांगेचें तोंडही पुढें सरकतें. वायोमिंग राज्यानें परराज्यांतील अर्जदारांच्या एल्क-परवान्यांपैकीं ७५ टक्के गुणांनीं व २५ टक्के चिठ्ठ्या टाकून देण्याची वाट काढली. आयडाहो व न्यू मेक्सिको यांनीं तर गुणांची भानगडच ठेविली नाहीं. म्हणून तेथील शहाणे शिकारी सर्वोत्तम रानाच्या आशेवर म्हातारपण येऊं देत नाहींत. पायांत डोंगर चढण्याचें बळ आहे तोंच ते मध्यम रानासाठीं गुण खर्च करतात आणि पुन्हां सांठवूं लागतात.

या हिशेबांतून पोलादपूरच्या शिक्षकास कांहीं गोष्टी उचलतां येतात.

पहिली गोष्ट अशी कीं, सांठवण कशासाठीं आहे हें आधीं ठरवावें. आईवडील अंथरुणाला खिळले असतील, किंवा मूल दहावीच्या वर्षांत असेल, तर महाड शहराजवळच्या शाळेची किंमत याच दोन वर्षांत आहे. पांच वर्षांनीं तीच शाळा मिळाली तरी ती किंमत उरत नाहीं.

दुसरी गोष्ट म्हणजे, थांबल्यानें आपला क्रम खरोखर वर जातो कीं काय हें तपासावें. आपली ज्येष्ठता वाढते तशी इतरांचीही वाढते, आणि विशेष संवर्गाची मंडळी दर वेळीं पुढें असतेच. 'कधीं तरी चांगली जागा निघेल' एवढ्या भरंवशावर थांबणें व्यर्थ होय. पण हव्या त्या शाळेंतील शिक्षक पुढील वर्षीं सेवानिवृत्त होणार, किंवा त्याचीं एकूण दहा व त्या शाळेंतील पांच वर्षें पुरीं होऊन तो बदलीपात्र ठरणार, असें दिसत असेल, तर वर्षभर थांबणें शहाणपणाचें ठरतें.

तिसरी गोष्ट नियमांची. २०१७ चें धोरण चार वर्षांत बदललें. अवघड शाळांची यादीही कायमची नव्हे. रस्ता झाला, संपर्क आला, कीं शाळेचा वर्ग बदलूं शकतो. दुसऱ्यानें केलेल्या नियमावर उभी असलेली पुंजी फार काळ बाळगण्यांत जोखीम असते.

चौथी गोष्ट यादीची, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. कोलोराडोंत दुसऱ्या पसंतीला गुण जात नाहींत. येथें मात्र यादींतील कोणतीही शाळा मिळाली, अगदीं तिसावी मिळाली, तरी हक्क वापरला गेला. यादींतील एकही शाळा उपलब्ध नसेल, तर अधिकारप्राप्त शिक्षक आहे तेथेंच राहतो. यास्तव यादींतील प्रत्येक नांव म्हणजे एक संमति आहे असें समजावें. जी शाळा हल्लीच्या शाळेहून बरी वाटत नाहीं, ती केवळ रकाना भरण्यासाठीं लिहूं नये. उरलेल्या शाळांचा क्रम मनांतील खऱ्या इच्छेप्रमाणें लावावा. 'ही आपल्याला मिळणार नाहीं' म्हणून आवडती शाळा खालीं ढकलण्यांत लाभ नाहीं. कारण पाळी आली कीं यादी वरून खालीं पाहिली जाते आणि पहिली मोकळी शाळा दिली जाते. वरची न मिळाल्यानें खालची हातची जात नाहीं.

याशिवाय एक गोष्ट अर्जाच्या रकान्यांत कोठेंच येत नाहीं. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक धरले आहेत. दोहोंपैकीं एक निघाला आणि बदली माणूस यावयास उशीर झाला, म्हणजे सारे वर्ग एकट्याच्या अंगावर पडतात, आणि त्या वाडीतील पहिलीच्या मुलाचें अक्षर मागें पडतें. म्हणून शिक्षकानें हक्क सोडावा असें कोणी म्हणूं नये. तो हक्क त्यानें पावसांत डोंगर चढून मिळविला आहे आणि तो मिळतो म्हणूनच तेथें जाण्यास माणूस तयार होतो. परंतु निघतांना कोणतें मूल कोठवर वाचतें, कोणास बेरजेची अडचण आहे, कोणत्या घरचें मूल पावसाळ्यांत येऊं शकत नाहीं, हें लिहून पुढील शिक्षकाच्या हातीं दिल्यास वाडीचें निम्मेंअधिक नुकसान टळतें. या कामाला एक संध्याकाळ पुरते.

जो शिक्षक हिशेब करून, स्वखुषीनें, त्याच वाडींत राहतो, त्याचा हक्क फुकट गेला असेंही नव्हे. हक्क हातीं असतां राहणें आणि अडकून पडल्यामुळें राहणें यांत मोठें अंतर आहे. निर्णय कोणताही असो, तो आळसानें किंवा भीतीनें पुढें ढकललेला नसावा. सांठविलेला अग्रक्रम ही साधनाची गोष्ट आहे, साध्याची नव्हे. ज्या कामासाठीं तो सांठविला, त्या कामाची वेळ ओळखणें हाच त्याचा खरा उपयोग होय.