माळ्यावरच्या तबकड्या आणि त्यांच्या पोटातले कागद

बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या की माळे रिकामे होतात आणि आजोबांच्या रेकॉर्ड्स खाली येतात. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाका. दुसऱ्याने मोबाइलवर कुठल्याशा रेकॉर्डची हजारोंत सांगितलेली किंमत पाहिलेली असते आणि त्याला वाटतं, नव्या फ्लॅटच्या पार्किंगचे पैसे सुटले. दोघांचाही अंदाज चुकतो, कारण माळ्यावरून नेमकं काय उतरलंय हे कुणी नीट पाहिलेलंच नसतं.

पहिला गैरसमज अगदी मुळातला: काळी तबकडी दिसली की ती ‘व्हायनिल’. आजोबांच्या पेटीत एका बाजूला एकच गाणं असलेल्या, जड, हातातून पडली की बशीसारख्या फुटणाऱ्या तबकड्या असतील, तर त्या ७८ गतीच्या आणि लाखेच्या आहेत. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचं ते मिश्रण. व्हायनिल म्हणजे पीव्हीसी. एलपी आणि ईपी त्याच्या. ‘आपल्याला काय, गाणं ऐकायचंय,’ असं म्हणून हा फरक सोडून देता येत नाही, कारण नुकसान नेमकं इथेच होतं. रेकॉर्ड स्पिरिटने पुसा, हा सल्ला घरोघरी मिळतो. लाकडाला पॉलिश करणाऱ्या कारागिराला विचारा. चपडा, म्हणजे हीच लाख, तो स्पिरिटमध्येच विरघळवतो. बालगंधर्वांच्या तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवणं म्हणजे तिचं पॉलिश करून टाकणं. ओलसर मऊ कापड आणि साध्या साबणाचा एखादा थेंब पुरे. लेबल भिजू द्यायचं नाही आणि लगेच कोरडं करायचं.

सुईचंही तसंच. ७८च्या तबकडीची चर एलपीच्या चरीपेक्षा जवळपास तिप्पट रुंद. एलपीची बारीक सुई तिच्यात तळाशी खरडत जाते आणि मग ‘रेकॉर्ड गेली’ असा निकाल दिला जातो. जुन्या अनेक प्लेअरमध्ये सुई उलटवायचा छोटा खटका असे, तो याचसाठी. उलट, चावीच्या ग्रामोफोनवर हौसेने एलपी लावणं हा निव्वळ खून आहे. त्या भोंग्याच्या यंत्राची पोलादी पिन शंभर ग्रॅमहून जास्त भार टाकते. एलपीला दोन-तीन ग्रॅमचा भार पुरतो. लग्नाच्या फोटोंसाठी असला प्रकार सर्रास चालतो. तबकडीची दया येते.

‘जितकी जुनी तितकी दुर्मीळ’ हा दुसरा ठाम समज. भारतात तबकड्यांसाठीचं ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झालं, गौहरजानसारख्या गायिकांच्या आवाजात. तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. त्या काळातलं काही सापडलं तर ते खरंच मोलाचं. पण चाळीसच्या दशकातल्या गाजलेल्या सिनेगीताच्या ७८च्या तबकड्या इतक्या छापल्या गेल्या की त्यांना फारसं कुणी विचारत नाही. आणि कोलकात्याच्या डमडम कारखान्यात साठच्या दशकात निघालेल्या बीटल्सच्या ७८ तबकड्यांसाठी परदेशातले संग्राहक आजही जीव टाकतात. कारण साधं आहे: त्यांच्याकडे तोवर ७८चा काळ संपला होता, आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन अजून घरोघरी होते. दुर्मीळपणा वयावर नाही, किती प्रती निघाल्या आणि किती उरल्या यावर ठरतो. १९७५च्या ‘शोले’ची पॉलिडॉरने काढलेली संवादांची एलपी विक्रेते ‘रेअर’ म्हणून दाखवतात. ती इतक्या घरांत होती, की दुर्मीळ असेल तर ओरखडा नसलेली प्रतच.

मग पहिली छपाई कोणती, हे ओळखायचं कसं? लेबलवरचं साल बघून, असं बहुतेकांना वाटतं. इथे दोन अडचणी आहेत. ७८च्या लेबलवर साल बहुधा नसतंच. आणि एलपीवर वर्तुळातल्या ‘पी’पुढे जे साल असतं ते ध्वनिमुद्रण प्रथम प्रसिद्ध झाल्याचं, हातातली प्रत कधी छापली त्याचं नव्हे. ते चिन्ह रेकॉर्डवर रुळलं सत्तरच्या दशकात. म्हणजे त्या ‘पी’पुढे १९६४ असेल, तर प्रत १९६४ची नसल्याचा तो जवळपास पुरावाच. खरी ओळख असते लेबलजवळच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेल्या क्रमांकात, लेबलच्या रंगात आणि कॅटलॉग क्रमांकाच्या आधीच्या अक्षरांत. एचएमव्हीच्या ‘ईसीएलपी’ तबकड्या मोनो, ‘ईसीएसडी’ स्टिरिओ. स्टिरिओ म्हणजे वरचढ, असंही नाही. साठच्या दशकातली कित्येक गाणी मुळात मोनो मुद्रित झाली आणि पुढच्या छपाईत कृत्रिम स्टिरिओ करून विकली गेली. कव्हरच्या कोपऱ्यात तसं बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं, वाचतो कोण?

हातातली तबकडी मूळ ध्वनिमुद्रणाची असेलच असं नाही, ‘गीतरामायण’ तर याचं घरगुती उदाहरण. एलपींचा संच दाखवून ‘हेच रेडिओवर लागायचं’ असं सांगणारे अंधेरीपासून डोंबिवलीपर्यंत भेटतात. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली ती ५६ गीतं प्रसारित झाली, तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे वेगवेगळे आवाज होते. एलपींवर सगळं बाबूजींच्या, सुधीर फडक्यांच्या आवाजात आहे. संच सुंदरच आहे, पण ते ध्वनिमुद्रण वेगळं.

आता कागदांकडे. माझ्या मते सगळ्यात मोठा गैरसमज हा: कव्हरमधून निघणारे कागद म्हणजे कचरा. कंपन्या दर महिन्याला नव्या रेकॉर्ड्सची पत्रकं काढत, मराठीतही. दुकानदार ती फुकट वाटत. वर्षाचे कॅटलॉग वेगळे. ज्या ७८वर साल नाही, तिचा काळ ठरवायला हीच पत्रकं कामी येतात: अमुक क्रमांकाची तबकडी अमुक महिन्याच्या यादीत, म्हणजे ती तेव्हा बाजारात आली. फुकटची म्हणून लोकांनी ती फेकली आणि म्हणून आज तबकडी मिळते, पत्रक मिळत नाही. ७८च्या खाकी पाकिटावरचा दुकानाचा शिक्का ‘खराबी’ म्हणून खोडणारे महाभाग आहेत. अहो, ती तबकडी दादरला विकली गेली की पार्ल्याला, हे सांगणारी तेवढी एकच खूण उरलेली असते. फाटलेल्या पत्रकाला सेलोटेप लावू नका. टेप पिवळी पडते आणि शाई घेऊन निघते.

मात्र प्रत्येक कागद रेकॉर्डसोबतचा नसतो. सिनेमागृहात विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका, जिच्यात कथासार आणि नटांची नावं असत, ती सिनेमाच्या प्रचाराची. तिचा रेकॉर्ड कंपनीशी संबंध नसे. दोन्ही एकत्र ठेवून ‘ओरिजिनल इन्सर्टसह’ असा भाव लावला जातो. पुस्तिका जरूर घ्या, पण पुस्तिकेच्या किमतीत.

उपनगरातल्या हवेत रेकॉर्ड टिकत नाहीत, ही तक्रार अर्धी खरी. पावसाळ्यात बुरशी धरते ती मुख्यतः कव्हरच्या पुठ्ठ्याला आणि धुळीला. तबकड्या आडव्या रचल्या की वाकतात, उभ्या ठेवल्या की नाही. भिंतीला टेकलेलं कपाट आणि पत्र्याखालचा पोटमाळा टाळावा.

माहिती कुठे मिळेल, याचं उत्तरही इथलंच आहे. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० साली मुंबईत सुरू झाली. सुरेश चांदवणकर तिचं काम अनेक वर्षं पाहत आले आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकात कंपन्या, लेबलं, कलाकार यांवरचे लेख आहेत. मायकेल किनियर यांचं १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय ध्वनिमुद्रणांवरचं पुस्तक म्हणजे तर क्रमांकांची खाणच.

शेवटी, ‘रेकॉर्ड माझी, मी गाणं इंटरनेटवर टाकीन’ म्हणणाऱ्यांसाठी. तबकडी तुमची, ध्वनिमुद्रण नव्हे. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे १९५०च्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाची मुदत संपलेली असली, तरी तिच्यावरच्या गाण्याची संपलेली असेलच असं नाही.