वाशिष्ठी नदीतील हिवाळी मासेमारी

रत्नागिरी जिल्ह्यातील वाशिष्ठी नदीच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, म्हणजे चिपळूणपासून दाभोळच्या मुखापर्यंत, कार्तिक ते माघ या महिन्यांत चालणारी मासेमारी. ही नदी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उगम पावून चिपळूणवरून वाहत जाते. उत्तरेकडून खेडची जगबुडी नदी तिला मिळते व पुढे दाभोळ (ता. दापोली) आणि अंजनवेल (ता. गुहागर) यांच्या दरम्यान ती अरबी समुद्रास मिळते. भरतीचे पाणी मुखापासून सु. ४० किमी. आत चिपळूणजवळील गोवळकोटपर्यंत चढते. पूर्वी मालवाहू गलबते याच भरतीवर गोवळकोट बंदरास येत असत. कोकणातील इतर नद्यांप्रमाणे वाशिष्ठीचाही खालचा भाग नदीपेक्षा खाडीच अधिक आहे. त्यामुळे तेथील मासेमारीवर ऋतूइतकीच तिथीचीही सत्ता चालते.

पावसाळ्यात पुराचे गढूळ, गोडे पाणी मुखापर्यंत पोहोचते आणि खाऱ्या पाण्यातील मासे समुद्राकडे हटतात. पाऊस ओसरल्यावर आश्विनापासून खारे पाणी पुन्हा आत सरकू लागते. ते जड असल्यामुळे तळाशी राहते व गोडे पाणी त्यावरून वाहते. समुद्राच्या पाण्याची क्षारता हजारी सु. ३५ भाग असते. चिपळूणकडे जाताना ती कमी होत जवळजवळ शून्यावर येते. हिवाळ्यात ही उतरंड बरीचशी स्थिर होते व प्रत्येक जातीचा मासा आपापल्या सोयीच्या पट्ट्यात सापडू लागतो. अनुभवी भोई पाणी जिभेवर ठेवून जाळे कोठे टाकावयाचे हे ठरवितो, त्याचे कारण हेच होय.

कोकणचा हिवाळा सौम्य असतो. येथील पाणी गोठण्याचा प्रश्न तर नाहीच. परंतु ते इतके थंडही होत नाही की मासे निश्चेष्ट व्हावेत. तथापि रात्रीच्या गारठ्याने वरचा थर निवतो आणि पहाटे मासे उथळ कडा सोडून डोहांत उतरतात. ऊन चढल्यावर ते चिखलाच्या कडांकडे परततात. पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तर दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. शिडाच्या होड्यांच्या काळात मतलईवर बाहेर पडावयाचे आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी परतावयाचे, असा दिवसाचा क्रम होता. आता बहुतेक होड्यांना यंत्रे बसली असली, तरी लहान पगारी आणि वल्ह्यांच्या होड्या अजूनही याच क्रमाने चालतात. सकाळचे दाट धुके हीच काय ती या ऋतूतील नित्याची अडचण.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील जुना ठोकताळा असा आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीस सु. तीन वाजता, अष्टमीस सु. सहा वाजता आणि पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास भरती असते. मुखाजवळ हा हिशेब पुरेसा जुळतो. आत जावे तसा त्यात उशीर धरावा लागतो. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीस उधाण म्हणतात, तर अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीस भांग. या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. जून-जुलैमध्ये उधाणाची दुपारची भरती मोठी असते, तर डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्रीची. हिवाळी मासेमारीतील रात्रपाळीचे हे एक मोठे कारण आहे. दुसरे कारण पाण्याच्या निवळपणाचे. पूर ओसरल्यावर गाळ खाली बसतो, पाणी स्वच्छ होते आणि दिवसा माशाला जाळे दिसते. मुखाजवळ काही वर्षी सूक्ष्म जीवांमुळे रात्रीचे पाणी ढवळताच निळसर चमकते. त्या चमकेने जाळ्याची आकृती उमटून मासे बिचकतात.

वाण हे जाळे या साऱ्या गणितावर उभे आहे. सायंकाळच्या ओहोटीला चिखलाच्या सपाटीवर खुंट रोवून जाळ्याचा खालचा काठ गाळात दाबतात आणि वरचा भाग खालीच गुंडाळून ठेवतात. मध्यरात्री भरती पूर्ण चढली की होडीतून फिरून तो वर उचलून खुंटांना बांधतात. पाणी ओसरते, मासे अडतात आणि पहाटेच्या ओहोटीत ते गोळा करतात. जाळे उचलण्यास थोडा वेळ जरी चुकला, तरी रात्रीचे श्रम वाया जातात. शिवाय गुडघाभर गार चिखलात उभे राहून हे काम करावे लागते. यांखेरीज प्रवाहात बांधावयाची पिशवीसारखी डोल व तिचाच लहान प्रकार बोकशी, हाताने फेकावयाचे पाग, कोळंबीसाठी झिला आणि गळांची दावण ही साधने वापरतात. डोल व बोकशी यांना ओढ लागते, म्हणून त्या उधाणात चालतात; भांगाच्या दिवसांत पाग आणि गळ यांवर भागवावे लागते.

हिवाळ्यातील मुख्य मासा बोय. त्याच्या अनेक जातींपैकी मुगिल सेफॅलस ही मोठी जाती अंडी घालण्यासाठी खाडीतून समुद्राकडे जाते. त्या सुमारास मिळणाऱ्या गाबोळीच्या बोयीला चांगला भाव येतो. जिताडा (लेटस कॅल्कॅरिफर), तांबोशी, काळुंदर (एट्रोप्लस सुरॅटेन्सिस), रेणवी, शिंगाळा, कोळंबी आणि चिंबोरी हेही मिळतात. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूतून तिसऱ्या आणि खडकांवरून कालवे काढण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करतात. कोरड्या हवेमुळे मासळी वाळविण्यास हा काळ सोयीचा असतो. खाडीच्या आतील भागात भोई, तर मुखाकडील दाभोळ, वेलदूर या बाजूस खारवी, कोळी व दालदी या समाजांचा हा पिढीजात व्यवसाय आहे.

१९६२ मध्ये कोयना प्रकल्पातून वीजनिर्मिती सुरू झाली आणि पूर्ववाहिनी कोयनेचे पाणी पश्चिमेकडे वळून वाशिष्ठीत येऊ लागले. कृष्णा पाणीतंटा लवादाने या वळवणीस वर्षाला ६७·५ अब्ज घनफूट (सु. १९१ कोटी घ.मी.) अशी मर्यादा घातली. एरवी हिवाळ्यात रोडावणाऱ्या नदीला त्यामुळे बारमाही गोडे पाणी मिळाले. विजेच्या मागणीप्रमाणे सोडलेल्या पाण्याने वरच्या भागातील पातळी एकाच दिवसात चढते-उतरते, हे तिथीच्या कोणत्याही हिशेबात बसणारे नाही. या पाण्याने शेती व पाणीपुरवठा यांची सोय झाली हे खरे. मात्र खाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या जातींचा पट्टा त्यामुळे मुखाकडे ढकलला जातो.

याहून गंभीर प्रश्न सांडपाण्याचा आहे. खेड तालुक्यातील लोटे-परशुराम येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिल्यानंतर दाभोळ खाडीत मासे मरून तरंगल्याच्या घटना वारंवार घडल्या असून त्यांविरुद्ध मच्छीमारांनी अनेकदा आंदोलने केली आहेत. सांडपाण्यावर प्रक्रिया करण्यासाठी सामाईक केंद्र उभारलेले आहे. पण तक्रारी थांबलेल्या नाहीत. पावसाळ्यात पुराबरोबर घाण समुद्रात वाहून जाते. हिवाळ्यात ती सोय नसते. भांगाच्या दिवसांत तर पाणी पुढे-मागे हेलकावत राहते आणि एकदा आत आलेला दूषित लोट चटकन बाहेर पडत नाही. ज्या ऋतूवर भोयांची वर्षाची कमाई अवलंबून असते, नेमका तोच त्यामुळे धोक्याचा ठरतो. मासे मेल्यानंतर नुकसानभरपाई मागावयाची, तर खाडीतील पकडीची नियमित नोंद बहुधा उपलब्ध नसते.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर महापुरात बुडाले. त्यानंतर वाशिष्ठीच्या पात्रातील गाळ व बेटे काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. पात्र खोल झाले की भरतीच्या पाण्याला आत जाण्यास वाव मिळतो. पण मासे ज्या उथळ कडांवर चरतात आणि जेथे वाण लावतात, त्या कडाही बदलतात. अशाच चिखलाच्या कडांवर हिवाळ्यात मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. त्यामुळे पाग टाकण्यासाठी पाण्यात उतरणारा मनुष्य आधी काठ न्याहाळून घेतो.